रंगनाथमिस्त्रीचा तांब्या

रंगनाथमिस्त्री वास्तुशांतीच्या पंगतीला आला, की घरधनी वाढायचं विसरायचा आणि ते घर बांधणारा गवंडी जेवायचं विसरायचा.

पंगत उठली की लोक हात धुवायला मोरीकडे जात. हा जात नसे. खांद्यावरच्या पिशवीतून तो स्वतःचा पितळी तांब्या काढी, रांजणातून भरून घेई आणि नव्याकोऱ्या सिमेंटच्या अंगणात मधोमध उभा राहून सावकाश, एकेक बोट चोळत हात धुवी. हात धुऊन व्हायचे, तरी हा उभाच. खाली मान घालून पाण्याकडे बघतोय. मग शेजारचा बघायचा, मग त्याच्या शेजारचा, आणि बघता बघता सगळी पंगत खरकट्या हातानं पाण्याकडे बघत उभी राहायची. पाणी सरळ वाहत फाटकाबाहेरच्या नालीत गेलं, तर रंगनाथमिस्त्री काही न बोलता चपला घालायचा. ही त्याची शाबासकी. पाणी थांबलं, तर मात्र तो बोलायचा.

परतूरला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे असं एकदा पाणी थांबलं. अंगण अंबादास नावाच्या मिस्त्रीनं केलं होतं. बिचारा नवा सदरा घालून, टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन बसला होता. मधोमध चौरंगाएवढं डबकं साचलं. रंगनाथमिस्त्रीनं रुमालानं हात पुसले, रुमालाची नीट घडी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेनं विचारलं, “अंबादास, अंगण लई भारी झालं बाबा. फकस्त येवढं सांग, म्हशी कवा आनायच्या?”

काय हसले लोक! माझ्या नाकात बुंदी गेली. व्यापाऱ्याची म्हातारी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. त्या दिवसापासून अंबादास ‘म्हशीवाला मिस्त्री’ झाला. कामाला बोलावणारे त्याला आधी म्हशींबद्दल विचारायचे. दोन वर्षांत त्यानं थापी ठेवून दिली. आता तो आमच्या आठवडी बाजारात लसूण विकतो. मी घेतो त्याच्याकडून. तो मला निवडून निवडून किडका देतो. मी त्या दिवशी किती मोठ्यानं हसलो होतो, हे त्याच्या लक्षात असावं.

कुंभार पिंपळगावात माझं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे, त्यामुळे घनसावंगीपर्यंतच्या पट्ट्यातले सगळे मिस्त्री माझ्या ओळखीचे. भांडणारे, पिणारे, काम अर्धं टाकून पळणारे, सगळे पाहिले. पण माणसाला चारचौघांत उभा चिरण्याची अशी नजाकत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मीही त्यातून सुटलो नाही. माझ्या दुकानात आला की तो पोत्याचं तोंड सोडून कोपरापर्यंत हात आत घालायचा. ताजं सिमेंट आतून गार लागतं, म्हणे. एकदा गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं असताना त्यानं हात घातला, डोळे मिटले आणि वैद्यासारखा चेहरा करून म्हणाला, “शेठ, पोत्याला ताप आलाय. घरी न्या, काढा पाजा.” चार गिऱ्हाइकं तिथल्या तिथं समोरच्या दुकानात गेली. वाळूचं तर विचारूच नका. चिमूटभर तोंडात टाकायचा, दाताखाली कुरकुर ऐकायचा आणि ट्रॅक्टरवाल्याच्या पायाशी थुंकायचा. “ही वाळू न्हाई. ही कुना काशीबाईच्या शेतातली माती हाय, गोदावरीचं नाव लावून आलेली.”

उंच, काटकुळा, बारा महिने डोक्याला मफलर. बाप मेंढरं राखायचा, आणि हाही मिसरूड फुटेपर्यंत मेंढरांमागं फिरला होता. कशात तरी पाय घसरून गवंडीकामात आला, असं तो म्हणे. पण जमिनीचा ढाळ त्याला मेंढरांनी शिकवला होता. “पानी आन् मेंढरं एकच चीज हाय, शेठ,” तो म्हणायचा. “पयलं खाली मान घालून निघालं, की समदे त्याच्या मागं. आपन फक्त पयल्याला वाट दाखवायची.”

अंगणाचं काम घेतलं की पहिला दिवस तो नुसता उकिडवा बसून काढी. ऊन कुठून येतं, बायका भांडी कुठं घासतात, शेळी कुठं बांधतात, सगळं बघायचा. घरमालक वैतागून विचारायचा, “मिस्त्री, काम कवा चालू करायचं?” तर म्हणायचा, “चालूच हाय. मी काम करून राह्यलो. तुम्ही बडबड करून राह्यले.” संध्याकाळी उठून दोनच प्रश्न विचारायचा: पाणी येतं कुठून आणि जातं कुठं? मग काळी माती दीड-दोन हात खोल काढायची, मुरूम भरायचा, पाणी पाजून धुमसानं ठोकायचा, दगड बसवायचे आणि मगच वर चार बोटं माल. काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकायला सांगणाऱ्याच्या दारात तो पुन्हा पाय ठेवत नसे.

नसे म्हणजे, एकदाच ठेवला. आमच्याकडच्या एका गुरुजींनी माती काढायला नकार दिला. “जमीन दगडासारखी आहे, मिस्त्री. पायानं ठोकून बघा.” रंगनाथमिस्त्री म्हणाला, “उन्हाळ्यात समदेच दगड असत्यात, गुरुजी,” आणि निघून गेला. गुरुजींनी दुसऱ्याकडून काम करून घेतलं. पावसात खालची माती फुगली, उन्हाळ्यात आकसली आणि अंगणाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. आपण असतो तर मनातल्या मनात हसून गप्प बसलो असतो. रंगनाथमिस्त्री मूठभर धने घेऊन गेला. गुरुजी शाळेत होते. त्यानं भेगांमध्ये माती भुरभुरली, धने पेरले, तांब्यानं पाणी घातलं आणि गुरुजींच्या बायकोला सांगितलं, “औषध टाकलंय वहिनी, हलवू नका. रोज पानी घाला.” त्या माउलीनं इमानानं घातलं. महिनाभरानं अंगणात कोथिंबिरीची हिरवीगार नक्षी उगवली. हा गेला, दोन जुड्या खुडल्या, एक त्या माउलीला दिली, एक मला आणून दिली आणि म्हणाला, “गुरुजीच्या वावरातली हाय. खत न्हाई, काही न्हाई.” गुरुजींनी बदली मागून घेतली, असं लोक म्हणतात. कोथिंबीर चांगली होती.

त्याचा एकच शिष्य टिकला. सोपान. पंधरा वर्षं त्याच्या हाताखाली. लग्न झालं, दोन लेकरं झाली, कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले, तरी रंगनाथमिस्त्री त्याला हाक मारायचा ‘घमेलं’. “ए घमेलं, इकडं ये.” सोपान त्याला ‘वस्ताद’ म्हणायचा आणि यायचा. त्याच्या हातात विलक्षण कसब होतं. माल सपाट करायचा लाकडी पाटा ओढायचा तो असा, की ओल्या मालावर तोंड दिसावं. बाहेर लोक त्याला मिस्त्री म्हणायला लागले होते, पण त्याला ते नको होतं. एकदा माझ्या दुकानात पायरीवर बसून तो म्हणाला होता, “शेठ, जगानं म्हनून काय? वस्तादानं एक डाव मिस्त्री म्हनावं. मंग मेलो तरी चालंल.”

शेवटी हिंमत करून त्यानं स्वतंत्र काम घेतलं. सासुरवाडीला, म्हणजे घनसावंगीजवळच्या एका गावात, खुद्द सासऱ्याचं अंगण. वर सगळ्यांच्या आधी वस्तादाला आमंत्रण दिलं. वेडा! मी त्याला म्हटलंही, “अरे, वाघाला कशाला बोलावतो?” तर म्हणाला, “न्हाई शेठ, त्यांनीच बघाया पायजे.”

मी गेलो होतो. अशी मेजवानी मी सोडत नाही. पंगत उठली, तांब्या निघाला, पाणी पडलं आणि सुंदर वाहत गेलं. सोपान भिंतीला टेकून उभा होता. पाणी नालीत उतरलं. लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात रंगनाथमिस्त्री फाटकाजवळच्या कोपऱ्यात वाकला. तिथं बेसनाच्या लाडवाएवढं, एवढंसं पाणी राहिलं होतं. कावळ्याची चोचही भिजली नसती. शांतपणे त्यानं पिशवीतून हातोडा काढला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर, सासऱ्यासमोर, सोपानच्या बायकोसमोर तो सबंध कोपरा फोडला. दहा-बारा घाव घातले. खपल्या उडून पत्रावळींवर पडल्या. मग हातोडा पिशवीत टाकून सोपानला म्हणाला, “उद्या सकाळी ये. घमेलं उचलायला मानूस न्हाई माझ्याकडं.”

आणि सोपान दुसऱ्या दिवशी गेला. मी दुकानातून पाहिलं. डोक्यावर घमेलं, मान ताठ. त्यानंतर तो कधी ‘मिस्त्री म्हणावं’ असं बोलला नाही. मला वाटलं, इच्छा मेली. लहान मुलासारखा मी चुकलो.

आता ह्या सगळ्यातली मजेची गोष्ट सांगतो. दोनशे अंगणं करणाऱ्या रंगनाथमिस्त्रीच्या स्वतःच्या दारात चिखल होता. त्याची बायको, पार्वतीकाकू, तीस वर्षं त्याला एक अंगण मागत होती. हा म्हणायचा, “मला सवड न्हाई, आन् दुसऱ्याचा हात मी माझ्या दारात लागू देनार न्हाई.” पावसाळ्यात ती दगडांवरून उड्या मारत पाणी आणायची. एका वर्षी घसरली, मनगट मोडलं. हा दारात उभा राहून म्हणाला, “पाय बघून टाकायचा. मी काय तुला आंधळी म्हनून आनली का?” मनगट वाकडंच बसलं. काकू अजून डाव्या हातानं भाकरी थापते. ती कमी बोलते, पण जे बघायचं ते सगळं बघते.

मग मिस्त्रीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि पाठोपाठ हातांना थरथर सुटली. थापी धरवेना. त्याला ते कबूल नव्हतं. “नजर बारीक झाली, पन ढाळ मला पायाला कळतो,” म्हणायचा. पण कामं येणं थांबलं. आणि मागच्या पौषात, ऐन थंडीत, त्यानं एकाएकी जाहीर केलं की आपल्या दारात अंगण करायचं. “मी करनार. हात घमेल्याचा, डोकं माझं.” म्हणजे काम सोपान करणार, नाव ह्याचं. शिवाय गावभर सांगत सुटला की एकविसाव्या दिवशी सगळ्यांनी या, तांब्या फिरवायचाय. “असं अंगण कराया कुनाची छाती न्हाई. माझ्या आंगनात थेंब थांबला, तर मी त्या थेंबात बसंन!”

मी त्याला म्हटलं, “मिस्त्री, ह्या थंडीत? होळीनंतर करा की.” तर माझ्याकडे त्या दुधाळ डोळ्यांनी बघून म्हणाला, “थंडीत माल आळशी होतो शेठ, तुमच्यासारका. उठायला टाइम लागतो. पन आळशी मानूसच पक्का बसतो.”

आखणी त्यानं मन लावून केली. दिवसभर उकिडवा बसला. दक्षिणेकडं तोंड असलेल्या भिंतीशी जिथं सकाळचं ऊन सगळ्यात आधी येतं आणि दुपारपर्यंत रेंगाळतं, तिथं काठीनं चौकोन काढला. “माझी बाज हितं येनार. उरलेला जल्म मी ह्या उन्हात बसनार. पानी हितून उठनार आन् सरळ फाटकात.” सोपाननं माती काढली, मुरूम भरला, धुमस मारला. हा ओसरीवर बाजेवर घोंगडी पांघरून बसलेला आणि तोंडाचा पट्टा चालू. “घमेलं, तुझ्या बापानं धुमस पाह्यला व्हता का?” “घमेलं, मुरूम ठोक, थापटू नको, ते काय लेकरू हाय का?” सोपान धुमस मारतच होता. काकू चहा आणत होती आणि सोपानला आधी देत होती. ते माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही.

माल टाकायच्या दिवशी असं गार होतं की टाकीतल्या पाण्यात हात घातला तर बोटं नाहीशी झाल्यासारखी वाटावीत. ऊन वर आल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही, असा वस्तादाचा हुकूम. सोपाननं दोऱ्या बांधल्या. मिस्त्री ओसरीवरून उतरला, प्रत्येक दोरीवरून थरथरतं बोट फिरवलं, गुडघ्यावर बसून पुन्हा फिरवलं. एकही चूक नव्हती. “हां,” तो म्हणाला. एवढंच. दुपारपर्यंत सगळा माल पडला. उन्हाळा असता तर तासाभरात आवळून घट्ट झाला असता. त्या थंडीत तो लोण्यासारखा मऊ पडून होता. आता वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. मिस्त्रीनं भाकर खाल्ली, घोंगडी डोक्यावरून घेतली आणि ओसरीवर उन्हाच्या पट्ट्यात घोरायला लागला.

मी त्याच वेळी दोन जादा पोती घेऊन पोचलो. बघतो तर सोपान दोऱ्या सोडत होता. सोडून परत बांधत होता. कामावरची दोन माणसं बाजूला उभी. त्यानं पाटा घेतला आणि त्या मऊ मालावरून पुन्हा ओढायला सुरुवात केली. फाटकाकडून, मोरीकडून, उंबऱ्याकडून, चारी बाजूंनी आत. थापीनं इथला माल बोटभर काढायचा, तिथं लावायचा, परत पाटा. तास, दीड तास. असं काम मी जन्मात पाहिलं नाही. सोनार जसा दागिन्यावर फुंकर मारतो, तसा तो एकेका जागेवर वाकत होता. मला कळेना, हा बांधतोय काय. मग त्या काठीनं काढलेल्या चौकोनाच्या जागेवर माझी नजर गेली आणि कळलं.

सोपाननं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. काकू म्हणाली, “शेठ, अजून घ्या थोडा.” मी घेतला.

संध्याकाळी माल आवळला. वरून कडबा आणि ओली बारदानं. “एकवीस दिस पानी मारायचं, काकू,” सोपान म्हणाला. “मारीन की,” काकू म्हणाली. तिनं कुणाला बारदानाला हात लावू दिला नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी अर्धं गाव जमलं. परतूरहून अंबादास आला होता, लसणाचा धंदा सोडून. सोपानचा सासरा आला होता. कुणी बोलावलं होतं, देव जाणे. बाज ठरल्या जागी मांडली होती. मिस्त्री नवा मफलर बांधून तिच्यावर बसला. तांब्या हातात ठरत नव्हता म्हणून तो त्यानं काकूच्या हातात दिला आणि ऐटीत म्हणाला, “फाटकापाशी जाऊन वत. मेंढरं कुठं जात्यात ते बघू द्या समद्यांना.”

काकू फाटकापाशी गेली. आता फाटकापाशी ओतलेलं पाणी फाटकाबाहेर जायला हवं. ती ओतायला लागली. पाणी क्षणभर थबकलं, मग वळलं. गावाच्या डोळ्यांदेखत ते आत निघालं. एक धार, सरळ, ओळंब्यात धरल्यासारखी. कुठं फाटा नाही, कुठं थेंब मागं नाही. अंगणभर चालत आलं आणि बाजेखाली जाऊन परातीसारखं गोल बसलं.

कुणी हसलं नाही. सगळे मिस्त्रीकडे बघत होते. त्याला दिसत नव्हतं.

“गेलं का गं?” त्यानं विचारलं.

“गेलं,” काकू म्हणाली.

“कुठं?”

“पाय खाली ठिवा. कळंल.”

त्यानं पाय खाली ठेवला. ऐन थंडीतलं रांजणातलं पाणी. अंगावर शहारा आलेला आम्हाला दिसला. तरी त्यानं पाय उचलला नाही. अंगठ्यानं चाचपत चाचपत पाण्याची कड शोधली आणि पूर्ण गोल फिरवला. सगळीकडून सारखी. केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. त्याच्या चेहऱ्यावर आधी जे आलं त्याला मी भीती म्हणेन. नंतर जे आलं त्याला नाव माहीत नाही. पण तसा चेहरा मी त्याचा चांगल्या मालाकडे बघतानाच पाहिला होता.

“कुनी केलं हे?” तो हळूच म्हणाला.

“तुम्हीच न्हवं का, वस्ताद?” सोपान म्हणाला. “हात घमेल्याचा. डोकं तुमचं.”

मग मात्र लोक हसले. असे हसले की पिंपळावरचे कावळे उडाले. अंबादास खाली बसून, पोट धरून हसत होता. हसता हसता ओरडला, “मिस्त्री, म्हशी कवा आनायच्या?” मीही हसलो. का खोटं बोलू?

रंगनाथमिस्त्री हसू थांबेपर्यंत थांबला. मग मान वर करून, आवाजाच्या दिशेनं बघत म्हणाला, “ढाळ बराबर हाय... सोपानमिस्त्री.”

पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं, तर सोपाननं ऐकलं आणि कोपऱ्यातलं रिकामं घमेलं उचलून म्हातार्‍याच्या मांडीवर ठेवलं. “राहू द्या तुमच्याकडं,” म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

फोडून नीट करता आलं असतं. पण करणार कोण? सोपान येत नाही. दुसऱ्या मिस्त्र्यांना मीच विचारून पाहिलं. सगळ्यांचं एकच उत्तर: “बाज हलवा म्हनावं.” आणि बाज तो हलवत नाही. ऊन तिथंच येतं, आणि हलवली तर आपलं चुकलं असं होईल.

परवा सकाळी मी गेलो होतो. पुन्हा थंडी पडली आहे. तो बाजेवर घोंगडीत बसला होता, ते घमेलं उशाशी. काकू बादली घेऊन अंगणाच्या टोकाला उभी होती आणि डाव्या हातानं पाणी मारत होती.

“काकू,” मी म्हटलं, “एकवीस दिवस होऊन वर्ष झालं की.”

“सोपानमिस्त्रीनं सांगितलंय,” ती म्हणाली. “जेवढं पानी, तेवढं पक्कं.”

पाणी निघालं. म्हातारा बघत नव्हता, कान देऊन बसला होता. पाणी निम्म्यावर आलं तसे त्यानं दोन्ही पाय वर घेतले, घोंगडीत गुंडाळले. “आली गं,” तो म्हणाला, “मेंढरं आली.” पाणी बाजेच्या खुरांशी पोचलं, बसलं. ते जिरेपर्यंत, उन्हानं सुकेपर्यंत, आता पाय वरच.

मी चहा प्यायलो. कप विसळला. मोरी दोन पावलांवर होती. मी ते पाणी अंगणात टाकलं आणि मान खाली घालून बघत उभा राहिलो. एवढंसं पाणी, पण थेंबही चुकला नाही.